घोडबंदर रोडवरच्या बस ड्रायव्हरचं खुलं पत्र : फेरीचा वेळ आधी रस्त्यावर येऊन मोजा

मा. परिवहन व्यवस्थापक साहेब,
परिवहन समितीचे सगळे सन्माननीय सदस्य,
आणि आमच्या ठेकेदार कंपनीचे मॅनेजर साहेब,

नमस्कार.

मागच्या सोमवारी फर्स्ट शिफ्ट संपवून लॉगशीट जमा करायला डेपोत गेलो तर नोटीस बोर्डापुढे ही गर्दी. पुढे सरकून वाचलं. फेरी ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही तर ती अपूर्ण धरणार, महिन्यात पाचच्या वर फेऱ्या अपूर्ण निघाल्या तर चालकाच्या पगारातून पैसे कापणार, आणि गाड्या वेळेवर सुटाव्यात म्हणून रूटच्या दोन्ही टोकांना फेऱ्यांमधला थांबा १० मिनिटांवरून ५ मिनिटं. खाली सही-शिक्का. कुणी काही बोललं नाही. माझ्या शेजारी एक नवीन पोरगा उभा होता, नोकरीला लागून तीन महिने झालेत, त्याने मोबाईल काढून फोटो घेतला आणि मला विचारलं, काका पाच म्हणजे आठवड्यात ना? मी म्हटलं नाही रे बाबा, महिन्यात. त्याचा चेहरा बघवला नाही, म्हणून हे पत्र.

माझं नाव लिहीत नाही आणि कुठल्या सेवेची गाडी चालवतो तेही लिहीत नाही. घोडबंदर रोडवर वेगवेगळ्या महापालिकांच्या गाड्या आहेत, एसटी आहे, आणि सगळ्यांच्या ड्रायव्हरांचं दुखणं थोड्याफार फरकाने हेच आहे. माझं वय ४३, बस चालवायला लागून अकरा वर्ष झाली, त्याआधी टेम्पोवर होतो. वडील साताऱ्याकडून येऊन वागळे इस्टेटला कारखान्यात लागले, मी इथेच लोकमान्यनगरला वाढलो, म्हणजे ह्या रोडवर दोन पदरी रस्ता आणि शेतं होती तेव्हापासून मी तो बघतोय. नोकरी ठेक्यावरची. गाडीला लावलेलं नाव शहराचं, युनिफॉर्मवरचा लोगो शहराचा, पगार मात्र ठेकेदाराचा.

साहेब, मूळ मुद्दा एकच आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं. आमच्या शीटवर ठाणे स्टेशन ते कासारवडवली एका फेरीला ५२ मिनिटं लिहिलीत. हा वेळ मेट्रोचे बॅरिकेड लागायच्या आधी कधीतरी मोजलेला आहे. नंतर रोड पार बदलला, मधोमध खांब आले, लेन गेल्या, सर्व्हिस रोड मेन रोडला जोडायचं काम निघालं, मोठमोठे टॉवर उभे राहिले आणि त्यातली माणसं रोज ह्याच रोडने जायला लागली, जेएनपीटी बंदरातून गुजरातला जाणारे कंटेनर तर आधीपासून होतेच. ५२ मिनिटं मात्र तशीच राहिली.

मी वही घातली. शाळेची शंभर पानी वही, पोराची उरलेली. स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलावरून गाडी काढली की वेळ लिहायची, टोकाला पोचलो की वेळ लिहायची, मध्ये काही घडलं तर एक ओळ. २६ ड्युट्या लिहिल्या. सकाळी ८ ते ११ ह्या वेळात ५२ मिनिटात एकही फेरी झाली नाही, सगळ्यात कमी लागली ती ६८ मिनिटं. सगळ्यात जास्त लागली १ तास ५५ मिनिटं, त्या दिवशी गायमुखला चढावर कंटेनर बंद पडला होता आणि रांग पार मानपाड्याच्या मागे आली होती. दुपारी रोड जरा मोकळा असतो तेव्हा ५८-६० मध्येही होते. सगळ्याची सरासरी काढली, ७२ मिनिटं आली. ह्यात माझा काही शोध नाही, प्रत्येक गाडीत जीपीएस आहे, तिकीट मशीनमध्ये स्टॉपवाईज वेळ पडतो, ऑफिसात बसल्या बसल्या अर्ध्या दिवसात हे निघेल. कुणी काढलं नाही एवढंच.

आता साधा हिशोब करा. एका ड्युटीला आठ फेऱ्या. आठ वेळा ५२ म्हणजे ४१६, मधले सात थांबे १० मिनिटांचे म्हणजे ७०, एकूण ४८६ मिनिटं, आठ तासांच्या जरा वर. कागदावर बरोबर बसतं. रस्त्यावर आठ वेळा ७२ म्हणजे ५७६, त्यात ७० मिळवले की पावणेअकरा तास. ही वरची अडीच तासांहून जास्त वेळ कुठून यायची? पहिला घास थांब्याचा जातो, मग जेवणाच्या सुट्टीचा, मग घरी जायच्या वेळेचा, आणि एवढं करून फेऱ्या सहाच होतात. दोन कॅन्सल. स्टॉपवर उभा असलेला माणूस त्या दोन गाड्यांची वाट बघत असतो ज्या फक्त तुमच्या शीटवर धावतात.

फेरीत काय होतं ते थोडं सांगतो, कारण नोटीस काढणाऱ्याने बहुतेक हा रोड ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलेला नाही. कॅसल मिलपर्यंत ठीक असतं. माजिवड्याच्या पुलाखालून कापूरबावडीला आलो की नाशिक हायवेवरून, भिवंडीकडून आणि मुंबईकडून येणारं सगळं एका तोंडाला येतं, तिथे कधी कधी चार चार वेळा सिग्नल हिरवा होऊन लाल होतो आणि आपण जागेवरच. १२ मीटरची गाडी आहे, तिला रिक्षासारखं घुसता येत नाही. पुढे मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. स्टॉपची शेड एकीकडे, खोदकाम दुसरीकडे, माणसं तिसरीकडे उभी. परवा वाघबीळला एक बाई कडेवर लेकरू, हातात दप्तर, बॅरिकेडच्या फटीतून आडवी होऊन बाहेर आली आणि हात केला, माझ्या मागे डंपर हॉर्न मारतोय. तिच्यासाठी थांबलो तर माझी फेरी दोन मिनिटांनी लांबते. नाही थांबलो तर पुढची गाडी कधी येईल ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. मी थांबलो. तुमच्या नव्या नोटीसप्रमाणे ह्या दोन मिनिटांचे पैसे मी भरायचे, आणि उद्या कुणा ड्रायव्हरने स्टॉप मारून गाडी पुढे नेली तर लोक त्याला शिव्या देतील, नोटीस कुणाला दिसणार नाही.

आता थांब्याबद्दल. १० मिनिटांचे ५ करणं ही तुम्हाला छोटी गोष्ट वाटली असेल. त्या १० मिनिटात ड्रायव्हरने सीटवरून उतरायचं, कंट्रोलरकडे सही करायची, लघवीला जायचं, घोटभर पाणी प्यायचं, गाडीला एक चक्कर मारून टायर बघायचे आणि परत बसायचं. आमच्या टोकाला संडास-मुतारी नाही. आधी एक प्लास्टिकची केबिन होती, तिचा दरवाजा तुटलेला, पाणी नाही, रस्त्याचं काम निघालं तेव्हा ती उचलली ती परत आलीच नाही. आम्ही पुरुष माणसं कुठेतरी आडोसा बघतो, त्याचीही लाज वाटते पण करतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटे ५:२० ला गाडी काढलेली, तीन फेऱ्या लेट, टोकाला पोचलो की कंट्रोलर खिडकीतूनच हात करायचा, लगेच काढ, लगेच काढ, मागे गॅप पडलाय. त्याचाही दोष नाही, त्याला वरून फोन येत असतो. साडेसहानंतर मी उतरलोच नव्हतो. पावणेबाराच्या सुमाराला पातलीपाड्याच्या पुढे असं झालं की पायाला घाम फुटला, ब्रेकवर पाय थरथरायला लागला. भरलेली गाडी. मी पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली, हॅन्डब्रेक लावला, वाहक ताईंना सांगितलं आणि पंपाच्या मुतारीत पळालो. तीन मिनिटं लागली असतील. परत आलो तर एका प्रवाशाने व्हिडिओ काढलेला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फिरला, ड्रायव्हर रस्त्यात बस सोडून गायब. दोन दिवसांनी मेमो. खुलासा लिहून द्या.

मी त्या कागदावर लिहिलं, लघवीला गेलो होतो. दहावी झालेल्या पोरीचा बाप आहे मी, आणि हे मला साहेबांच्या नावाने अर्ज करून लिहावं लागलं. उत्तर आलं, खुलासा समाधानकारक नाही, ५०० रुपये कपात.

व्हिडिओ काढणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला कामावर उशीर होत होता, तो पाऊण तास स्टॉपवर उभा राहून गाडीत चढलेला, त्याने समोर दिसलं ते काढलं. मार्चमध्ये पाठीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेलो, सोनोग्राफीत ७ मिलिमीटरचा मुतखडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पिता. मी सांगितलं ड्युटी संपल्यावर पितो. आमच्या डेपोत असं पाणी मोजून पिणारे किती आहेत ते नुसतं विचारून बघा.

आणि वाहक ताईंचं काय लिहू. माझ्याबरोबर दोन वर्ष ज्या ताई होत्या त्या पहाटे घरून निघताना चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. टोकाजवळ एक फुलवाली मावशी बसते, ती मागच्या चाळीत राहते, तिच्या घरी ताई जायच्या. पाळीच्या दिवसांत तर त्या मावशीला आदल्या दिवशी विचारून ठेवायच्या, उद्या घरी आहेस ना म्हणून. जायला-यायला आठ मिनिटं. आता थांबा ५ मिनिटांचा केलात. ताईंनी कुठे जायचं, हे त्या नोटीसवर सही करणाऱ्याने एका ओळीत लिहून द्यावं.

कायद्याचं म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात हे सगळं लिहून ठेवलं होतं. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांच्या वर काम नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी. सुट्टी धरून ड्युटीचा पसारा १२ तासांच्या वर नाही. टोकाला १५ मिनिटांपेक्षा कमी थांबा असेल तर तो कामाचाच वेळ धरायचा. आता त्याच्या जागी नव्या श्रम संहिता आल्या, त्यातही ८ तास आणि वरच्या तासांना दुप्पट पैसे हे तसंच आहे. आमच्या लॉगशीटवर मात्र शेड्यूलचा वेळ चढतो, खरा वेळ चढत नाही, मग ओव्हरटाइम कुठून दिसणार? मी अकरा वर्षात किती तास असे फुकट दिलेत ते मोजायचं धाडस होत नाही.

हे तोंडी मी दोनदा मांडलंय. ठेकेदाराचे मॅनेजर म्हणाले, टाइमटेबल परिवहन ठरवतं, आमच्या हातात नाही. परिवहनच्या ऑफिसात गेलो तर तिथले साहेब म्हणाले, तुम्ही ठेकेदाराची माणसं, तुमच्या कंपनीकडून पत्र येऊ द्या. पत्र कंपनी कशी देईल? कंपनीला पैसे किलोमीटरवर मिळतात. गाडी कापूरबावडीला पाऊण तास उभी राहिली तर चाक फिरत नाही म्हणजे मीटर फिरत नाही, वर फेरी चुकली की कंपनीला दंड, आणि तो दंड आता ह्या नोटीसने सरळ ड्रायव्हरच्या खिशावर आणून ठेवला. ट्रॅफिक आमच्या हातात नाही, खोदकाम आमच्या हातात नाही, वेळापत्रक आमच्या हातात नाही, स्टेअरिंग तेवढं आमच्या हातात.

त्याच स्टेअरिंगबद्दल एक काळजीची गोष्ट. आता इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, चांगल्या आहेत, धूर नाही, मी स्वतः चालवतो आणि मला आवडतात. पण ह्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. पाय ठेवला की तिथल्या तिथे उचलते, पाय काढला की आपोआप रोखायला लागते. ज्याने पंधरा वर्ष डिझेल गाडी क्लच-गिअरवर चालवली त्याचा पाय वेगळा घडलेला असतो, आणि घाईत, दमलेला असताना माणूस जुन्या सवयीवर जातो. मला ट्रेनिंग मिळालं तीन दिवस, त्यातले दोन यार्डात. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्याला ठेक्यावरच्या इलेक्ट्रिक बसचा अपघात झाला, रस्त्याने चालणारी माणसं गेली, कितीतरी जखमी झाली, आणि तपासात ट्रेनिंग पुरेसं नव्हतं हा मुद्दा पुढे आला. ती बातमी बघून त्या रात्री आमच्या डेपोतला एकही ड्रायव्हर नीट झोपला नसेल. अशा गाडीवर बसलेल्या माणसाला तुम्ही पगारकपातीची भीती घालून पळवताय. मला हे पटत नाही आणि हे लिहिताना माझा हात कापतोय, कारण उद्या काही झालं तर पहिला मी आत जाणार, नोटीस बोर्डावरच राहील. अजून एक, ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून उभं राहिलं की चार्जिंग उतरतं, वीस टक्क्यांखाली आलं की गाडी डेपोला न्यावी लागते, तीही फेरी अपूर्णच धरणार का ते नोटीसमध्ये लिहिलेलं नाही.

पगाराचं थोडक्यात. ७ तारखेपर्यंत व्हायला पाहिजे, कधी १५ कधी १८ होते. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, म्हणजे परिवहनला ह्यातून हात झटकता येणार नाहीत. अकरा वर्षात माझे तीन ठेकेदार बदलले, दर वेळी नवीन जॉइनिंग लेटर, नवीन पीएफ नंबर, आणि सर्व्हिस शून्यापासून सुरू, त्यामुळे ग्रॅच्युइटीची पाच वर्ष एका ठेकेदाराकडे भरतच नाहीत. गाडी तीच, रूट तोच, डेपो तोच, ड्रायव्हर तोच. ह्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, इथे एवढंच.

मला माहितीय तुम्ही काय म्हणाल. फेरीचा वेळ वाढवला तर फेऱ्या कमी होतील, लोक ओरडतील, पेपरात येईल. साहेब, फेऱ्या आत्ताच कमी आहेत. आठ लिहून सहा होतात. सहा वेळा ७२ आणि मधले पाच थांबे १० मिनिटांचे, ४८२ मिनिटं, जवळपास आठ तासात बसतं. म्हणजे सहा लिहिल्या तर सहा वेळेवर सुटतील, ड्रायव्हर माणसासारखा उतरून बसेल, आणि स्टॉपवरच्या माणसाला निदान कळेल की गाडी नक्की किती वाजता आहे. कमी पडतात त्या फेऱ्यांसाठी गाड्या वाढवून मागा, माणसं भरा. ती मागणी घेऊन तुम्ही महापालिकेत गेलात तर आम्ही सगळे ड्रायव्हर-कंडक्टर तुमच्या मागे उभे राहू.

तर आमचं मागणं असं आहे.

१. ती नोटीस मागे घ्या. ट्रॅफिकमुळे झालेल्या उशिराला चालकाच्या पगारातून एक रुपया कापू नका, आणि ह्या कारणाने आधी कापलेले पैसे परत करा.

२. घोडबंदर रोडवरच्या सगळ्या रूटचा फेरीचा वेळ जीपीएसवरून नव्याने काढा. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. दिवसभर एकच आकडा चालणार नाही. मोजताना एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर बरोबर घ्या, आणि रस्त्याचं काम बदललं की परत मोजा.

३. टोकाचा थांबा पूर्वीसारखा १० मिनिटं, आणि गाडी कितीही लेट आली तरी ड्रायव्हर-कंडक्टरला तो मिळालाच पाहिजे. लेट गाडी पुढच्या वेळेवर टाका, पण माणसाला उतरू द्या.

४. दोन्ही टोकांना पाणी असलेली, आतून कडी लागणारी मुतारी आणि संडास, बायकांसाठी वेगळं. पक्कं बांधकाम होईपर्यंत जवळच्या पेट्रोल पंपाशी किंवा सोसायटीशी लेखी बोलून ठेवा. ह्याला टेंडर लागत नाही.

५. लॉगशीटवर खरा वेळ लिहा आणि आठ तासांच्या वर गेलं तर दुप्पट दराने पैसे द्या.

६. इलेक्ट्रिक गाडीवर बसवण्याआधी जुन्या ड्रायव्हरलाही पूर्ण ट्रेनिंग द्या, त्यातलं निम्म्याहून जास्त भरलेल्या रस्त्यावर, सोबत अनुभवी माणूस बसवून.

७. पगार ७ तारखेच्या आत. ठेकेदार बदलला तरी नोकरी सलग धरायची, ही अट पुढच्या टेंडरमध्येच घाला.

प्रवाशांनाही दोन शब्द. काका, ताई, गाडी लेट आली की तुम्ही आमच्यावर चिडता, बरोबरच आहे, दुसरं तिथे असतं कोण. पण तक्रार करताना फक्त बस नंबर लिहू नका, वेळ लिहा. अमुक वाजता स्टॉपवर आलो, अमुक वाजता गाडी आली, अमुक वाजता पोचलो. अशा शंभर तक्रारी गेल्या तर फेरीचा वेळ कुणालातरी मोजावाच लागेल.

माझी वही मी डेपोत टाइमकीपरच्या टेबलावर ठेवलीय, डाव्या ड्रॉवरच्या वर, निळं कव्हर आहे. २६ दिवस लिहिलेत, सत्ताविसावा आज लिहिला : सकाळी ८:१० ला सॅटिसवरून काढली, ९:३१ ला टोकाला, उतरलो नाही, ९:३४ ला परत काढली. झेरॉक्स काढून घ्या, मूळ वही मला लागणार आहे.

आपला,
घोडबंदर रोडवरचा एक बस चालक
ठाणे